पॅकेज राहू द्या, फॉर्म १६ दाखवा

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी बारावी सायन्स झाली, ७८ टक्के. गणित आणि बायो दोन्ही घेतलं होतं. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क नाहीत. मी खासगी नोकरीत आहे, कर्ज काढून दहा लाखांपर्यंत झेपेल. शेजारचा मुलगा ४० लाखांच्या पॅकेजवर लागला. सगळ्यात जास्त पगार कोणत्या लाईनमध्ये आहे ते सांगा, म्हणजे तिला तिकडेच घालतो."

भाऊ, मी करिअरची सल्लागार नाही. धंतोलीत सीएची प्रॅक्टिस करते, तेवीस वर्षं झाली. पण जून-जुलै आला की माझ्या टेबलावर फॉर्म १६ चा, म्हणजे कंपनीनं दिलेल्या पगार आणि कापलेल्या टॅक्सच्या दाखल्यांचा ढीग लागतो. लग्नाच्या बोलणीत माणूस पगार फुगवून सांगतो, उसने मागायला आलेल्या भावाला दाबून सांगतो. माझ्यासमोर दोन्ही चालत नाही. त्यामुळे कोण किती कमावतं हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. त्यावरच बोलते.

आधी शेजारच्या मुलाचे ४० लाख. त्याचं ऑफर लेटर मी पाहिलेलं नाही, पण अशी लेटर्स दरवर्षी येतात आणि बहुतेकांची घडण सारखीच असते. समजा मूळ पगार १८ लाख. जॉइनिंग बोनस ३ लाख, एकदाच मिळणारा आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागणारा. नव्या शहरात जाऊन राहण्याचा खर्च १ लाख. पीएफ-ग्रॅच्युइटीचा कंपनीचा वाटा २ लाख. आणि कंपनीचे शेअर्स १६ लाखांचे, जे चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळणार. झाले ४० लाख, पेपरात फोटो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्याच्या हातात टॅक्सआधी येतात २६, दुसऱ्या वर्षी २२. हा पगार वाईट आहे असं नाही, फार चांगला आहे. पण तुम्ही ४० शी तुलना करून मुलीला कमी लेखू नका, एवढंच.

साध्या पॅकेजचंही तसंच. मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीतल्या एका मुलानं मागच्या वर्षी विचारलं होतं, "मॅडम, १२ लाखांचं पॅकेज आहे, म्हणजे महिन्याला लाख ना?" मी कागद घेतला. बेसिक ६ लाख. त्यावर कंपनीचा पीएफ ७२ हजार, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०, विमा १५ हजार, आणि 'व्हेरिएबल' १ लाख २० हजार, जे कंपनीला वाटलं तर वर्षअखेरीस. हे सगळं १२ लाखांच्या आतलंच. उरले ९ लाख ६४ हजार. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ७२ हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार. महिन्याला हातात ७४ हजारांच्या आसपास. इन्कम टॅक्स शून्य धरूनसुद्धा, कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला टॅक्स लागत नाही. पोरगा गप्प झाला. घरच्यांनी लाख धरून कारचा हप्ता ठरवला होता.

आता 'लाईन'.

माझ्याकडे एकाच कॉलेजचे, एकाच बॅचचे तीन कॉम्प्युटर इंजिनिअर येतात. वय चाळिशीच्या आसपास. पहिला इथेच मिहानमध्ये, सर्व्हिस कंपनीत, १९ लाखांवर. दुसरा बंगळुरूत. त्याच्या फॉर्म १६ मध्ये एका ओळीत पगार असतो आणि तिच्या खालच्या ओळीत कंपनीनं दिलेल्या शेअर्सची किंमत. गेली तीन वर्षं त्याची खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा मोठी आहे. तिसऱ्याला एकेचाळिसाव्या वर्षी कंपनीनं घरी बसवलं. तो आठ महिने माझ्याकडे पीएफ काढण्याचे फॉर्म भरायला येत होता. लाईन एकच ना तिघांची?

फरक हुशारीचा म्हणाल तर तेवढा नव्हता, तिसराच कॉलेजात पहिला यायचा. फरक कंपनी पैसा कुठून कमावते याचा होता. सर्व्हिस कंपनी माणसाचे तास विकते. तुमच्या तासाचा दर परदेशातला ग्राहक ठरवतो आणि त्या दराच्या वर तुमचा पगार कधीच जाणार नाही. नवख्या पोरांना साडेतीन लाखांच्या आसपास घेण्याची रीत त्यातूनच आली आणि कित्येक वर्षं हललेली नाही, कारण तासाला गिऱ्हाईक तेवढंच देतं आणि दारात रांग लागलेली आहे. दुसऱ्याची कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर विकते. एकदा लिहिलं की ते हजार लोकांनी वापरलं काय आणि कोटीनं वापरलं काय, लिहिणारे तेवढेच. तिथे चांगला माणूस टिकवायला शेअर्स द्यायला परवडतात. तो तिथवर चार नोकऱ्या बदलून गेला, दोनदा मुलाखतीत नापास होऊन. तिसरा एकाच ग्राहकाच्या एकाच जुन्या प्रणालीचं टेस्टिंग चौदा वर्षं करत राहिला. त्याला दर वर्षी आठ टक्के वाढ मिळत होती आणि तो खूश होता.

म्हणून इंजिनिअरिंगला घालायचं असेल तर खुशाल घाला, पण 'कॉम्प्युटर म्हणजे पैसा' या हिशोबानं घालू नका.

दुसरी गोष्ट मी शिकले ती स्वतः चुकून. २०११ च्या सुमारास एका जुन्या क्लायंटचा मुलगा मायनिंग घेऊ का म्हणून विचारायला आला होता. मी म्हटलं, कोळशात काय ठेवलंय बाबा, कॉम्प्युटर घे. त्यानं ऐकलं. आज तो वर सांगितलेल्या पहिल्यासारखाच आहे, बरा आहे. पण त्याच्याच वर्गातल्या मायनिंग घेतलेल्या मित्राचा फॉर्म १६ पण माझ्याकडेच येतो, आणि दर जुलैत मला माझं बोलणं आठवतं. कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये, मँगनीज काढणाऱ्या सरकारी मॉईलचंही नागपुरातच, आणि आपल्या पोरांना वाटतं खाण म्हणजे घमेलं. कोल इंडियात मॅनेजमेंट ट्रेनीची सुरुवात ५०,००० च्या मूळ वेतनावर होते, वर्षभराचं प्रशिक्षण संपलं की ६०,००० ची श्रेणी. महागाई भत्ता आणि बाकीचं वेगळं. पण खरा पैसा पदवीचा नाही, दाखल्याचा. खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन फर्स्ट क्लास मॅनेजरचा दाखला मिळाला की गोष्ट बदलते. मोठ्या कोळसा खाणीला तो दाखला असलेला मॅनेजर नेमावाच लागतो, कायदा आहे. कंपनीला वाटलं म्हणून त्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही. मुलगी आहे म्हणून हा रस्ता बंद आहे असंही समजू नका. २०१९ पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायकांना भूमिगत खाणीतही दिवसा काम करता येतं. धूळ आणि वस्तीपासून दूरची कॉलनी मात्र आहेच.

अशी 'सही' जिथे लागते तिथे पगार वर असतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं. मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. तिथे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं लायसन्स असलेला मेंटेनन्स इंजिनिअर सही केल्याशिवाय विमान उडत नाही, आणि त्याच्याच शेजारी पाना घेऊन उभ्या असलेल्या, तोच कोर्स केलेल्या पण लायसन्सचे पेपर न काढलेल्या मुलाचा पगार त्याच्या पाव हिस्साही नसतो. इन्स्टिट्यूट कोर्सचं सर्टिफिकेट देते. लायसन्स डीजीसीए देते, परीक्षा आणि अनुभव पाहून. ॲडमिशनच्या वेळी हा फरक कोणी सांगत नाही, फी मात्र सगळ्यांकडून सारखी घेतात.

पण नुसती सही पुरत नाही हेही सांगते, नाहीतर उद्या तिला फार्मसीला घालाल. औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतोच, कायद्यानंच. तरी त्याचा पगार बघा. गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, सही करणारे हजारो झाले, आणि काही ठिकाणी नुसतं लायसन्स भिंतीला लटकवून महिन्याला चार-पाच हजार घेणारे आहेत. असे रिटर्न मी भरत नाही, पण माहीत सगळं असतं.

सरकारी नोकरीचं तुम्ही विचारलं नाही, तरी नागपुरात हा विषय टाळून कसं चालेल. केंद्राच्या गट अ ची सुरुवात सातव्या वेतन आयोगात ५६,१०० वर. जुलै २०२५ चा ५८ टक्के महागाई भत्ता, नागपूर 'वाय' वर्गातलं शहर म्हणून २० टक्के घरभाडं, झाले ९९,८५८. म्हणजे लाख धरा, आणि इथे राहून. मनीष नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट ज्या भाड्यात मिळतो त्यात पुण्यात हिंजवडीला एक खोली मिळणं मुश्किल, हे लक्षात घेतलं तर तो लाख दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. राज्याच्या उपजिल्हाधिकाऱ्याचीही सुरुवात त्याच ५६,१०० वर. आणि आता गंमत ऐका. त्याच एमपीएससीतून होणाऱ्या दिवाणी न्यायाधीशाची सुरुवात ७७,८४० वर आहे, न्यायिक अधिकाऱ्यांचा वेतन आयोग वेगळा असतो म्हणून. हे सांगितलं की माझ्यासमोर बसलेले एमपीएससीवाले आई-बाप चमकतात. सदाशिव पेठेत पोरगं पाच वर्षं डेप्युटी कलेक्टर होण्यासाठी बसलेलं असतं आणि हा आकडा घरात कोणाला माहीत नसतो.

फक्त त्याला वाट वेगळी आहे. आधी कायद्याची पदवी, मग तीन वर्षं प्रत्यक्ष वकिली. ही अट मध्यंतरी गेली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये परत आणली. तो निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, ज्यांची स्वतःची बरीचशी वकिली आपल्या नागपूर खंडपीठात गेली. ती तीन वर्षं कडक जातात. सीनियर ज्युनिअरला पेट्रोलपुरते देतो, कधी तेही नाही. माझ्याकडे असे ज्युनिअर वकील रिटर्न भरायला येतात ते फक्त पुढे कर्ज मिळावं म्हणून. भरण्यासारखं काही नसतं.

डॉक्टरांबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण नीटची खंत तुमच्या प्रश्नात दिसते. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, वर सुपरस्पेशालिटी आणखी तीन. मधले ड्रॉप धरले की तिशी उलटते. त्यानंतरचे आकडे मोठे आहेत यात वाद नाही, माझ्या यादीतले वरचे दहा काढले तर निम्मे डॉक्टर निघतील. पण वर्धा रोडच्या मोठ्या हॉस्पिटलांत बसणाऱ्या बहुतेकांना पगार नसतोच. त्यांचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, पगाराच्या कलमाखाली नाही, व्यावसायिक फीच्या कलमाखाली कापला जातो, दहा टक्के. म्हणजे ते नोकर नाहीत, फी घेणारे व्यावसायिक आहेत. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिली एक-दोन वर्षं 'एमजी' म्हणजे किमान रकमेची हमी, नंतर पेशंट आले तर पैसे. एका हॉस्पिटलनं माझ्या एका क्लायंटची हमी संपल्याच्या पुढच्या महिन्यापासून त्याच विषयाचा दुसरा, अधिक तरुण माणूस शेजारच्या केबिनमध्ये बसवला. आणि खासगी कॉलेजात एमबीबीएस करायचं तर तुमचे दहा लाख एका वर्षालाही पुरतील का, शंका आहे. तेव्हा ती खंत सोडा.

आता जिथे कोणी बोट दाखवत नाही अशा दोन-तीन जागा.

महालातला एक मुलगा जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. झिरो माईलच्या गावातून समुद्रावर! डॉलरमध्ये पगार, आणि वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी, म्हणून परदेशी जहाजावरच्या पगाराला इथे टॅक्स नाही. पैसे इथल्या बँकेतल्या एनआरई, म्हणजे अनिवासींच्या खात्यात आले तरी नाही, २०१७ च्या परिपत्रकात ते साफ केलं आहे. पण ते दिवस मोजायचं काम माझं. पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, यांवरचे शिक्के पसरून आम्ही दोघं बसतो. एका वर्षी बहिणीचं लग्न आणि वडिलांचं आजारपण एकत्र आलं, तो थांबला, आणि शिक्के मोजले तर भारतातले दिवस १८५ निघाले. अख्ख्या वर्षाच्या पगाराला टॅक्स लागला. वडील गेले त्या वर्षी, तो काही बोलला नाही, चेक लिहून दिला.

दुसरी जागा बी.एस्सी. ॲग्री. लोक नाक मुरडतात. महाराजबागेचं कृषी महाविद्यालय आपल्याच गावात, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखालचं, आणि फी तुमच्या दहा लाखांत बरीच उरेल इतकी. तिथून बियाणं आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांत टेरिटरी, मग एरिया, मग रिजनल मॅनेजर. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर माणूस घरी दिसत नाही. माझ्याकडचे असे दोघं, पस्तिशीतले, मिहानमधल्या पहिल्या इंजिनिअरपेक्षा पुढे आहेत, इन्सेंटिव्ह धरून. विक्री करणाऱ्याला पैसा मिळतो कारण त्यानं कंपनीत किती आणलं हे दर महिन्याला आकड्यात दिसतं. बाकीच्यांना आपलं काम सिद्ध करत बसावं लागतं. मात्र पाऊस दगा देतो त्या वर्षी तोच आकडा खाली येतो.

शिकवण्याचं मात्र दुःख आहे. कॉलेजात कायम सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० वर, पण कायम जागा निघतात कुठे? नेट, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर चाळिशीला आलेली मी बघते. त्याच विषयात एम.एस्सी. केलेला फिजिक्सचा मास्तर नीट-जेईईच्या क्लासमध्ये प्राध्यापकापेक्षा दुप्पट घेतो. पोरं टिकवून धरेल तोवर.

पायलटचं विचाराल तर लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च तुमच्या बजेटच्या कितीतरी पट आहे. तो विषय इथेच संपला.

आणि माझा स्वतःचा धंदा. सीएची फी फार नाही, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, आणि तुमच्या दहा लाखांतले बरेचसे शिल्लक राहतील. अडचण पास होण्याची. माझ्या बॅचच्या किती मैत्रिणी फायनलला अडकल्या ते मी मोजत नाही. गणित खरंच चांगलं असेल तर त्याहून कमी लोकांना माहीत असलेलं ॲक्च्युरी आहे. विमा कंपनीला पॉलिसीचे दर आणि देणी ठरवायला तो लागतोच, इथेही कायद्याची सही आहे, आणि देशात असे लोक फार थोडे आहेत. फेलोशिपपर्यंत तेरा पेपर. नोकरी करत करत देता येतात, म्हणून पहिले चार-पाच झाले की पगार सुरू. पण नोकरी मुंबई-गुरुग्रामला, नागपुरात नाही.

कर्जाचा हिशोब आजच करून ठेवा. दहा लाख, दहा टक्के, सात वर्षं म्हटलं की हप्ता १६,६०० पडतो. साडेतीन लाखांच्या नोकरीत हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात. हिंजवडीत राहून त्यातून हप्ता भरणारी मुलगी शेवटी तुमच्याकडेच पैसे मागणार. कायदा, ॲग्री किंवा सीएमध्ये हे कर्ज बहुधा लागतच नाही, आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी पगाराच्या आकड्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे. उरलेले पैसे वकिलीच्या त्या तीन कोरड्या वर्षांसाठी ठेवा, ज्यांच्या घरी अशी सोय नसते ते तिथेच सोडून देतात.

माझा कल कायदा किंवा ॲग्रीकडे, आणि गणितात ८५ च्या वर असतील तर ॲक्च्युरीकडे. ७८ टक्के हे सगळ्यांची सरासरी झाली, त्यावरून मला काही सांगता येत नाही. गणितात वेगळे किती पडले तेवढं कळवा.